दयाळ दोन गळ्यांनी गातो

आमच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला, की 432 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 432 कंपनं) हा निसर्गाचा सूर आहे आणि त्यात जुळवलेलं संगीत ऐकलं की आजार बरे होतात. याला काही आधार नाही. आज वाद्यं ज्याला जुळवतात तो 440 हर्ट्झचा आकडा माणसांनीच वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवला आणि 432 पण माणसांचाच. खात्री करायची असेल तर उन्हाळ्यात पहाटे नागपुरात सेमिनरी हिल्सला जा, नाहीतर काटोलकडे कुणाची संत्र्याची बाग असेल तिथे जा आणि दयाळ पक्षी ऐका. तो एका सुरावर थांबतच नाही, सारखा सरकत असतो.

एरिक डॉल्फीला नेमकं हेच आवडायचं. 1928 ला लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हा जॅझवाला बासरी, सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट सगळं वाजवायचा. घरी वाजवत असताना पक्षी शीळ घालायचे, मग हातातलं सोडून तो त्यांच्यासोबतच वाजवत बसायचा, असं त्याने 1962 च्या एका मुलाखतीत सांगितलंय. पक्ष्यांचे सूर आपल्या दोन सुरांच्या मधे असतात, हेही तोच सांगतो. पियानोवर 440 ची पट्टी दाबली की पुढची थेट 466 ची, मधलं काहीच मिळत नाही. बासरीवर मात्र ओठांचा कोन बदलून त्या मधल्या जागेत शिरता येतं, आपल्या मींडेसारखं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जावं तसं.

पण पक्षी हे करतो कसं? आपले स्वरतंतू श्वासनळीच्या वरच्या टोकाला असतात. पक्ष्यांचं स्वरयंत्र, म्हणजे सिरिंक्स, पार तळाशी, नळीला दोन फाटे फुटतात तिथे. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये दोन्ही फाट्यांत वेगळे पडदे, त्यांना ताणणारे वेगळे स्नायू आणि मेंदूकडून येणारी नसही दोन्हीकडे वेगळी, म्हणून काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढतात! पडदा ताणला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो, आणि हा ताण हळूहळू बदलता येत असल्यामुळे मधे पायऱ्या नसतात. अमेरिकेतला कार्डिनल तर एकाच शिट्टीतला खालचा भाग डाव्या बाजूने आणि वरचा उजव्या बाजूने काढतो, तरी सांधा कानाला कळत नाही. कॅनरी दोन सुरांच्या मधल्या क्षणभरात इवलासा श्वासही घेऊन टाकते, म्हणून तिचं गाणं तुटत नाही.

डॉल्फीजवळ बासरीची एकच नळी होती. फोनवर स्पेक्ट्रोग्रामचं, म्हणजे आवाजाचा चढउतार चित्रात दाखवणारं, एखादं ॲप घ्या आणि दयाळ गाताना बघा, स्क्रीनवर वळणं घेत जाणाऱ्या रेघा दिसतील, 432 च्या कितीतरी वर.