झाड घरी नेण्याआधी हे वाचा: पाणी, कुलर आणि कुंडी

"भाऊ, तुमच्याकडून नेलेलं स्नेक प्लांट मेलं, रोज न चुकता पाणी टाकत होतो." दर उन्हाळ्यात आमच्या नर्सरीत हे इतक्या वेळा ऐकायला येतं की शेवटी हा कागद छापून घेतला, आता प्रत्येक झाडासोबत देतो. ताई, काकू, भाऊ, रोज पाणी टाकलं म्हणूनच ते मेलं.

स्नेक प्लांट आणि झीझी ही पाणी साठवून ठेवणारी झाडं आहेत. झीझी मूळची पूर्व आफ्रिकेतली, तिकडे पाऊस लांबला तरी तगून राहते, कुंडीतून काढून बघाल तर मातीखाली बटाट्यासारख्या गाठी दिसतील, त्यात पाणी भरलेलं असतं. अशा झाडाची माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, आणि सडलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही म्हणून पानं पिवळी पडतात, मलूल होतात. मलूल पान दिसलं की घरातलं कोणीतरी म्हणतं तहान लागली वाटते, अन् अजून मगभर पाणी टाकतं. बहुतेक झाडं इथंच जातात.

आपल्या नागपुरात त्यात कुलरची भर पडते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू, बाहेर पारा ४५ च्या पुढे, साहजिकच वाटतं झाडाला पाणी जास्त पाहिजे. पण तुमची कुंडी हॉलमध्ये कुलरच्या हवेत आहे, तिथली हवा दमट, माती वाळतच नाही, अशा खोलीतल्या स्नेक प्लांटला मे महिन्यातही आठ-दहा दिवस पाणी नाही दिलं तरी काही होत नाही. एसीच्या खोलीत उलटं, हवा कोरडी, माती लवकर वाळते. म्हणून "किती दिवसांनी टाकायचं" याचं एकच उत्तर आम्ही देत नाही, लोकांना वाटतं आम्ही टाळून राहिलो, तसं नाही.

काडीनं बघा. अगरबत्ती जळून गेली की खालची काडी उरते ना, ती कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसायची, दोन मिनिटं ठेवून बाहेर काढायची. काडी गडद झाली, मातीचे कण चिकटून आले तर पाणी नको. कोरडी खडखडीत निघाली तर टाका, आणि टाकाल तेव्हा घोट-घोट नको, खालच्या भोकातून निघेपर्यंत टाका, मग ताटलीत जमलेलं फेकून द्या. नुसतं वरून बघून ठरवू नका, कोकोपीट (कुंडीत मातीसोबत असतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून दोन दिवसांत भुरकट दिसतं आणि खाली ओलंगच्च असतं. बिनभोकाची चिनी मातीची कुंडी आवडली असेल तर जरूर घ्या, आमच्याकडे चांगल्या आहेत, पण झाड त्यात लावू नका, प्लास्टिकच्या कुंडीसकट आत ठेवा.

कुंडीत भरायच्या मिक्सचे पैसे वेगळे का, हाही रोजचा प्रश्न. आपली काळी माती शेताला सोनं आहे पण छोट्या कुंडीत ती पाणी धरून बसते, आणि वाळली की तडकते. आम्ही कोकोपीट, जाड रेती, परलाइट (हलके पांढरे दाणे) आणि गांडूळखत मिसळून देतो, त्यातून जादा पाणी निघून जातं. झाडं हातगाडीवर स्वस्त मिळतात, मान्य आहे. आमची बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून येतात, तिथली हवा वेगळी, म्हणून आल्या आल्या विकत नाही, आधी शेडमध्ये ठेवून इथल्या हवेला सरावू देतो. जागा लागते, माणूस लागतो, किंमत त्याची आहे.

आता कोणतं घ्यायचं. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरात उजेड कमी असतो, तिथं झीझी किंवा स्नेक प्लांट, दुसरा विचारच नको. बेसा, मनीष नगरच्या वन बीएचकेत खिडकीशी मनी प्लांट मस्त चालतो. पश्चिमेच्या बाल्कनीत मात्र मे महिन्यात यातलं काहीच ठेवू नका, दुपारच्या उन्हात पान भाजतं. अरेका पाम सगळेच मागतात, दिसतो सुंदर, पण कोरड्या हवेत त्याला लाल कोळी ही बारीक कीड लागते, पहिलंच झाड असेल तर आम्ही स्वतःहून नको म्हणतो.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर आधी सांगा. झीझी, मनी प्लांट, अ‍ॅग्लोनेमा ही अळूच्याच कुळातली, कच्चा अळू ज्यामुळे खाजतो तेच स्फटिक यांच्यात असतात, पान चावलं तर तोंडाची आग होते. अशा घरात स्पायडर प्लांट न्या, त्याचा धोका नाही, फक्त बोअरचं खारं पाणी टाकलं तर शेंडे तपकिरी होतात, नळाचं किंवा पावसाचं टाका.

हवा शुद्ध होते का? नासाचा १९८९ चा प्रयोग सगळे सांगतात, तो बंद पेटीतला होता. तुमच्या हॉलमध्ये दोन कुंड्यांनी तसा फरक पडणार नाही, त्या नावावर आम्ही झाड विकत नाही. हिरवं बघून बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्या.

झाड १५ दिवसांत खराब झालं तर कुंडीसकट घेऊन या, तुमच्यासमोर काढून मुळं बघू. मुळं पांढरी, टणक असतील तर झाड बदलून देऊ. तपकिरी, लिबलिबीत असतील तर बदलून मिळणार नाही, पण सडलेला भाग कापून पुन्हा लावून देऊ, मजुरी घेणार नाही, फक्त मिक्सचे पैसे. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचं असेल तर नुसत्या पानाचा फोटो नको, पूर्ण कुंडी, ती ठेवलेली जागा आणि ती काडी, तिन्हीचे पाठवा. रविवारी गर्दी असते, कुंडी बदलायचं काम मधल्या वारी सकाळी आणा.