दोतोनबोरी: ओसाकाकरांनी खणलेला कालवा

जपानमधल्या ओसाका शहरातला दोतोनबोरी कालवा आपल्याला ठाऊक असतो तो निऑन दिव्यांच्या फोटोंमुळे. सुमारे 2.7 किलोमीटर लांबीच्या या कालव्याचं काम 1612 मध्ये दोतोन नावाच्या स्थानिक गृहस्थाने पदरचे पैसे घालून सुरू केलं. 1615 मध्ये ओसाकाच्या किल्ल्याला वेढा पडला आणि त्या लढाईत तो मारला गेला. उरलेलं काम त्याच्या आप्तांनी आणि सोबत्यांनी त्याच वर्षी पुरं केलं. लढाईनंतर आलेला नवा शासक मात्सुदाइरा तादाआकी याने कालव्याला दोतोनचंच नाव दिलं, तेही तो शत्रुपक्षाकडून लढलेला असताना. हा मोठेपणा मला फार भावतो.

एवढा खटाटोप फक्त होड्यांसाठी नव्हता. ओसाकाचा बराच भाग नद्यांनी आणून टाकलेल्या गाळावर उभा आहे, सखल आणि पाणथळ. अशा जागी चर खणला की आसपासच्या मातीतलं पाणी त्यात उतरतं, आणि निघालेली माती काठांवर टाकली की जमीन उंच होते. निचरा, भराव आणि मालवाहतुकीची वाट अशी तिन्ही कामं एकाच खोदाईत होतात. काठावर वस्ती वाढली, नाटकगृहं आली. पुढे शहरात सुमारे 200 पूल झाले. त्यांतले सरकारी जेमतेम 12, बाकी सगळे नागरिकांच्या खर्चाने बांधलेले!

सपाट जमिनीवरच्या कालव्याची अडचण अशी, की त्याला उतार जवळजवळ नसतो. भरतीला पाणी आत ढकललं जातं, ओहोटीला मागे जातं आणि घाण तिथेच घुटमळते. ती कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. विसाव्या शतकात शहराच्या सांडपाण्याने दोतोनबोरीची हीच गत केली होती. सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था सुधारली, आणि 2000 च्या सुमारास जलदारं बसवली गेली. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ती उघडतात, मिटतात. त्यामुळे त्यातल्या त्यात स्वच्छ नदीचं पाणी आत घेता येतं आणि गढूळ पाणी बाहेर रोखता येतं.

2022 मध्ये संशोधकांना इथे जपानी ईल सापडले. हा मासा जन्मतो दूर समुद्रात आणि वाढायला नद्यांमध्ये शिरतो. तो गजबजलेल्या शहराच्या मध्यापर्यंत पोचला, याचा अर्थ जलदारांतूनही त्याला वाट मिळते आणि कालव्यात त्याच्या पोटापुरतं अन्न आहे.