टर्मिनलमागचं खडखडणारं यंत्र

पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली की पहिल्या दिवशीची स्क्रिप्ट ठरलेली असते: नाव विचारायचं आणि नमस्कार करायचा. मुलगी 'सई' टाइप करून एंटर दाबते. पडद्यावर 'नमस्कार, सई' येतं, पण पुढचं उद्गारचिन्ह खालच्या ओळीत एकटंच जाऊन पडतं. नाव 'सई' आहे का हे तपासलं तर उत्तर येतं, नाही. कोणीतरी सांगतं, पर्लची 'चॉम्प' ही कमांड लाव. ती लावते आणि काम होतं. का झालं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते सांगायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, कारण चूक तिची नसते. तिला अडवणारी गोष्ट तिच्या जन्माच्या कितीतरी आधी ठरून गेलेली असते.

१९६३ साली टेलिटाइपचं मॉडेल ३३ आलं. दिसायला टाइपरायटर, पण तारेनं जोडलेला. सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. ओळ संपली की त्याला दोन कामं करावी लागत: छापणारं डोकं डाव्या टोकाला नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. दोन कामांना दोन वेगळे संकेत होते, आस्कीतले (अक्षरांना अंक देणाऱ्या संकेतपद्धतीतले) अनुक्रमे १३ आणि १०. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आकाराला येऊ लागली तेव्हा त्याच्यासमोर हीच यंत्रं होती. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्समध्ये टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइपचंच आखूड रूप. युनिक्सनं फाइलमध्ये ओळ संपवायला फक्त १० ठेवला. यंत्राला लागणारा १३ जोडायचं काम टर्मिनलच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे टर्मिनल सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, दिलं. एंटर दाबेपर्यंत ओळ ड्रायव्हरच्या ताब्यात असते, खोडाखोडही तिथेच होते, आणि मग ती शेवटच्या १० सकट प्रोग्रॅमच्या हाती पडते. सईच्या नावामागे लटकलेला आणि 'चॉम्प'नं काढून टाकलेला तो हाच. पायथनचं 'इनपुट' तो स्वतःच काढून टाकतं, म्हणून तिथे हा प्रश्न पडत नाही.

प्रोग्रॅम चूक कळवतो त्या निरोपाचा, एररचा, इतिहास याहून रंजक आहे. एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला पाजायची कल्पना बेल लॅब्समधल्या डग मॅक्लरॉय यांनी १९६४ पासून मांडली होती. १९७३ मध्ये त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी ती 'पाइप' या नावानं प्रत्यक्षात आणली. पण तेव्हा प्रोग्रॅमच्या तक्रारीही नेहमीच्या आउटपुटमधूनच बाहेर पडत. 'फाइल उघडत नाही' हा निरोप माणसाला न दिसता पुढच्या प्रोग्रॅमच्या तोंडात जाई. लॅबमध्ये फोटोटाइपसेटर, म्हणजे फोटोच्या कागदावर मजकूर उमटवणारं यंत्र, होता. त्याचा कागद रसायनात धुवून काढावा लागे. एवढा खटाटोप करून हातात यायचा तो सुबक टाइपात छापलेला एररचा निरोप! युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत लोकांनी हे चालवून घेतलं, आणि मग त्याच लॅबमधल्या डेनिस रिची यांनी तक्रारींसाठी स्वतंत्र तिसरी वाट काढली. इनपुट शून्य, आउटपुट एक, एरर दोन.

म्हणूनच > लावून सगळं फाइलमध्ये पाठवलं तरी एरर पडद्यावरच येतो. तो तसाच यावा अशी योजना आहे. दोन्ही एकाच फाइलमध्ये हवे असतील तर आधी > आणि फाइलचं नाव, मग 2>&1. क्रम उलटा केला तर एरर पडद्याकडेच राहतो, कारण शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, डावीकडून उजवीकडे वाचतं आणि 2>&1 चा अर्थ 'एक आत्ता जिथे जातोय तिथे दोनला पाठव' एवढाच.

नवशिक्याला सगळ्यात जास्त छळतं ते बफरिंग. दर सेकंदाला एक टिंब छापणारी स्क्रिप्ट लिहावी, तर दहा सेकंद काहीच दिसत नाही आणि मग दहाही टिंबं एकदम येतात. एकेक अक्षरासाठी कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, दार ठोठावणं महाग, म्हणून सी भाषेच्या लायब्ररीनं साठवून देण्याची पद्धत पाडली. समोर टर्मिनल असेल तर ओळ पूर्ण झाली की पाठवायचं. फाइल किंवा पाइप असेल तर काही हजार बाइट साचेपर्यंत थांबायचं. एररला मात्र थांबवायचं नाही. त्यामुळे लॉगमध्ये कधीकधी एरर आधी दिसतो आणि त्याच्या आधीचं आउटपुट नंतर! रात्रभर चालणाऱ्या एका जॉबचा लॉग रिकामा बघून मी तो अडकलाय असं समजलो आणि मारला. तो नीट चालला होता. बफरमध्ये साचलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. पायथनमध्ये प्रिंटला फ्लश (साचलेलं लगेच पाठव ही सूचना) दिला, किंवा स्क्रिप्ट उणे यू (-u) लावून चालवली, की ही पाळी येत नाही.

तो १३ अजून गेलेला नाही. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून डॉसनं १३ आणि १० ही जोडी उचलली, डॉसकडून विंडोजनं. नुसता १० असलेली फाइल नोटपॅड नीट दाखवू लागलं ते २०१८ मध्ये. विंडोजवर लिहिलेली बॅश (लिनक्सचं नेहमीचं शेल) स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की, ती कोणी चालवायची त्या प्रोग्रॅमचं नाव असलेल्या पहिल्याच ओळीच्या टोकाला न दिसणारा १३ असतो. कर्नल त्याला नावाचाच भाग समजून 'बॅश अधिक १३' नावाचा प्रोग्रॅम शोधतं, आणि इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सापडत नाही असं उत्तर मिळतं. बॅश तर जागच्या जागी असतं. अशा वेळी त्या फाइलवर 'फाइल' ही कमांड चालवावी. ओळींच्या शेवटी काय आहे ते ती सांगते. मग ते १३ काढणारं 'डॉसटूयुनिक्स' (dos2unix) चालवलं की तीच स्क्रिप्ट धावते.