ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणू नका

घरच्या रुग्णासाठी आमच्याकडून मावशी किंवा दादा घेणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

जेवताना कुणाला ठसका लागला की आपल्याकडे दोन गोष्टी आपोआप होतात. एक जण ‘वर बघ, वर बघ’ म्हणत डोक्यावर थापट्या मारतो आणि दुसरा पाण्याचा पेला पुढे करतो. धडधाकट माणसाचं त्यात सहसा काही बिघडत नाही. पण ज्यांना पक्षाघात झालाय, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश आहे, तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालंय, त्यांना या दोन्ही गोष्टी महागात पडू शकतात. मान वर गेली की श्वासनलिकेची वाट जास्त उघडी राहते, आणि पाणी इतकं पातळ की घसा सावरायच्या आत तिकडे उतरतं.

खोकला येतोय तोवर थोडं पुढे वाकवून खोकू द्या. तोंड रिकामं होऊन श्वास नेहमीसारखा होईपर्यंत काही भरवू नका. आवाजच फुटत नसेल, श्वास अडकला असेल, तर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात 5 थापा, मग बेंबीच्या वर 5 वेळा आत-वर दाब, आणि तेवढ्यात दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा.

ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. काही रुग्णांच्या घशाची जाणीवच कमी झालेली असते. घास चुकीच्या वाटेने गेला तरी खोकला येत नाही. अशा वेळी चहाच्या दोन घोटांनंतर त्यांना ‘आ’ म्हणायला लावा. आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा गुरगुरता आला तर संशय घ्या. घास गालात तसाच राहणं, लाळ गळणं, जेवणाला तासभर लागणं, कपडे सैल होणं, वरचेवर ताप आणि छातीत कफ हीसुद्धा खुणेचीच लक्षणं. घरचे बहुतेक वेळा ‘वयोमानाने जेवण कमी झालंय’ म्हणून सोडून देतात आणि मग न्यूमोनिया होऊन दवाखाना गाठावा लागतो.

घास घशात नाही तर छातीत अडकतो, आधी भाकरी जाईना, मग भात, आता पातळही, असं असेल तर दुखणं अन्ननलिकेचं असू शकतं. त्यासाठी एंडोस्कोपी लागते. ती लांबवू नका. आणि गिळणं अचानक बंद झालं, सोबत तोंड वाकडं किंवा बोबडी वळली, तर पाणीसुद्धा न देता थेट रुग्णालय.

एरवी गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. गरज पडल्यास गिळताना व्हिडिओ एक्स-रे काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात.

स्वयंपाकघरातलं

‘पातळ म्हणजे गिळायला सोपं’ हा समज आम्हाला घरोघरी भेटतो. अशा रुग्णांना बहुधा पाणी, चहा, ताक हेच सर्वांत अवघड जातं. त्याहून फसवे म्हणजे घट्ट-पातळ एकत्र असलेले पदार्थ: शितं तरंगणारी पेज, रश्शातल्या फोडी, दुधात कुस्करलेली पण पुरती न भिजलेली पोळी. चिवडा कोरडा, साबुदाण्याची खिचडी चिकट, दोन्ही नकोत. तूप घालून घोटलेली आसट मूगखिचडी, घुसळलेलं घट्ट दही, नाचणीसत्त्वाची लापशी बऱ्याच जणांना चालते. लापशी गार झाली की दाटते, म्हणून भरवताना पुन्हा पाहा.

थेरपिस्टने पातळ पदार्थ ‘लेव्हल 2’ सांगितला असेल (लेव्हल म्हणजे दाटपणाची पायरी, आकडा मोठा तितकं दाट) तर अंदाजावर जाऊ नका. थेरपिस्टकडून या चाचणीची 10 मिलीची सिरिंज घ्या (सुई नको). दट्ट्या काढा, खालचं टोक बोटाने दाबून धरून तो पदार्थ 10 मिलीपर्यंत भरा, बोट काढा, 10 सेकंद मोजा. आत 1 ते 4 मिली उरलं तर लेव्हल 1, 4 ते 8 उरलं तर लेव्हल 2, त्याहून जास्त उरून थेंब थेंब पडत असेल तर लेव्हल 3. कॉर्नफ्लॉवरने दाट केलेलं लाळेने पुन्हा पातळ होतं. झँथन गमची पावडर जास्त टिकते. पण ‘आणखी थोडी टाकू’ असंही नको. फार घट्ट झालं की घशात चिकटून राहतं, आणि रुग्ण पाणी पिणंच टाळतो.

भरवताना

पाठ ताठ, पाय टेकलेले, टीव्ही बंद. भरवणाऱ्यानेही समोर बसायचं. उभं राहून भरवलं की रुग्ण मान वर करतो, म्हणजे पुन्हा तेच ‘वर बघ’. चहाचा चमचा वापरा, आधीचा घास उतरल्याशिवाय दुसरा नको. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. दात आणि जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करा, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात. नाकातून जेवणाची नळी घातलेली असली तरी हे चुकवू नका. नळीने धोका संपत नाही. गोळ्या कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

आमच्या मावशी-दादा डॉक्टर नाहीत. काय द्यायचं, किती दाट द्यायचं हे ते ठरवत नाहीत. पहिल्याच दिवशी ते तुमच्याकडे थेरपिस्टचा लेखी कागद मागतील आणि तो स्वयंपाकघरात चिकटवतील. भेटायला आलेले पाहुणे प्रेमाने पेढा भरवू लागले आणि मावशींनी हात धरला, तर कृपया राग मानू नका. तसं करायला आम्हीच सांगितलेलं असतं.