खडी टाकूनही मैदान का तुंबतं?

क्रीडांगणाच्या नूतनीकरणाची चर्चा सुरू झाली की एक सल्ला हमखास मिळतो: मैदान खणा, तळाशी खडी अंथरा, वर माती पसरा, पाणी आपोआप निघून जाईल. खडीतून पाणी भराभर वाहतं हे खरंच. पण ते खडीपर्यंत पोचायला तर हवं!

एक स्पंज भिजवून आडवा धरा आणि ठिबकणं थांबू द्या. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, बदलली फक्त उंची. बारीक छिद्रं केशाकर्षणामुळे पाणी धरून ठेवतात. वर पुरेशा उंचीचं पाणी साठल्याशिवाय तळातून थेंब सुटत नाही. बारीक मातीखाली जाड खडी आली की नेमकं हेच होतं. खडीतल्या मोठ्या पोकळ्या पाणी ओढून घेऊ शकत नाहीत. त्यामुळे मातीचा तळ जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी तिथेच अडकतं, आणि थर पातळ असेल तर गवताची मुळं त्यातच बुडून राहतात. गोल्फच्या हिरवळीखाली खडीचा थर असतो, पण त्यावर सुमारे ३० सेंमी निवडक वाळू असते. तिथे हे अडकलेलं पाणी गवताच्या कामी येतं.

म्हणून मला वाटतं, पैसा आधी मातीवर खर्चावा. गोलपोस्टपुढची जागा आठवा: हजारो पावलांनी तिथल्या मातीतल्या पोकळ्या दाबून टाकलेल्या असतात. पोकळ दातांचं यंत्र फिरवून मातीच्या छोट्या कांड्या उपसायच्या आणि त्या भोकांत वाळू भरायची, म्हणजे पाण्याला आत शिरायला वाट मिळते. चिकणमातीत मूठ-मूठ वाळू कालवून मात्र काही साधत नाही. वाळूचे कण त्या चिकट मातीत नुसते रुतून बसतात.

आता हिशोब. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद मैदानावर ५० मिमी पाऊस पडला तर ३ लाख लिटर! एवढं सगळं लगेच गटारात ढकललं तर आपलं मैदान कोरडं होईल, पण उताराकडच्या वस्तीत पाणी शिरेल. त्यापेक्षा कडेने गवताळ उथळ चर काढावेत. पाणी तिथे रेंगाळतं, गाळ खाली बसतो, बरंचसं जमिनीत मुरतं.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराने २०१३ मध्ये बेंथेमप्लाइन या चौकात याहून धाडसी गोष्ट केली. खेळाचं मैदानच खोलगट केलं, भोवती बसायला पायऱ्या केल्या. एरवी तिथे खेळ चालतो आणि मोठ्या पावसात मैदानाचा हौद होतो. चौकातल्या तिन्ही हौदांत मिळून सुमारे १७ लाख लिटर पाणी मावतं.

पायवाटांसाठी सच्छिद्र फरसबंदी चांगली, फक्त तिची छिद्रं धूळ आणि पाल्याने बुजतात. ती यंत्राने शोषून साफ करावी लागते, आणि त्या खर्चाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी.