पंप का तापतो आणि दीपनगरला एवढे कूलिंग टॉवर कशाला

सायकलीत हवा भरताना पंपाची नळी खालून चांगली तापते, आणि दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील घर्षणाने. घर्षण असतं, पण थोडं. खरं कारण म्हणजे आपण हवा दाबतो. ४० अंशाची हवा पटकन तिप्पट दाबाला नेली आणि उष्णता बाहेर पडायला वेळच दिला नाही, तर कागदावर ती १५० अंशाच्या पुढे जाते, खाली जाळ बिळ काही न लावता!

आता तीच हवा चुलीवर तेवढीच तापवून तेवढ्याच दाबाला आणली तर? थर्मामीटर दोन्हीत काही फरक दाखवणार नाही भो. कारण उष्णता आणि कार्य ह्या आत भरून ठेवायच्या गोष्टीच नाहीत, आत असते ती आंतरिक ऊर्जा, आणि ती आत-बाहेर जायचे हे दोन रस्ते. तापमानात फरक आहे म्हणून रेणूंच्या वेड्यावाकड्या धडकांतून गेली तर उष्णता, दट्ट्याने सगळ्यांना एकाच दिशेने रेटलं तर कार्य.

पूर्वी लोकांना वाटायचं उष्णता म्हणजे धातूत मुरलेला एक द्रव आहे. रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १७९८ मध्ये म्यूनिकच्या तोफा पोखरण्याच्या कामावरून लिहिलं की पोखरणी फिरवणारे घोडे फिरताहेत तोवर उष्णता निघतच राहते, संपत नाही, मग द्रव कसला? पुढे १८४० च्या दशकात जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने किती कार्याची किती उष्णता होते ह्याचा हिशोबच लावला, आजच्या आकड्यात १ कॅलरी म्हणजे साधारण ४.१८ जूल.

पण हिशोब जुळला म्हणून दोन्ही सारखेच असं नाही. कार्याची सगळी उष्णता होते, उलटं मात्र चालू यंत्रात पूर्ण कधीच होत नाही, आणि मला तरी खरी गंमत इथेच वाटते. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचे टॉवर बघून लोक म्हणतात एवढी वाफ वाया घालवतात. इंजिनिअर आळशी नाहीत हो! अशा केंद्रात वाफ साधारण ५४० अंशाला टर्बाइनमध्ये शिरते आणि ४०-४५ ला तिचं पाणी होतं, फ्रेंच इंजिनिअर कार्नोने १८२४ मध्ये दाखवलेल्या मर्यादेने एवढ्यात जास्तीत जास्त ६१ टक्के कार्य निघेल, प्रत्यक्षात ४० च्या आतच. बाकीची उष्णता कुठेतरी टाकावीच लागते, नाहीतर चक्र पुढे सरकत नाही, म्हणून वाफ गार करणारं वेगळं पाणी ती घेऊन टॉवरमध्ये येतं. मेमध्ये बाहेर ४५ अंश असले तरी आपली हवा कोरडी, त्यामुळे टॉवरमधलं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं त्या हवेपेक्षाही गार होतं, आणि उडालेल्याची भरपाई हतनूर धरणाच्या पाण्याने करावी लागते.