राज्याभिषेकाचा मुकुट वेगळा, मिरवण्याचा वेगळा

सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या शवपेटीवर ठेवलेला मुकुट जगाने पाहिला आणि ‘राणीचा राज्याभिषेक याच मुकुटाने झाला’ हे विधान पुन्हा सर्वत्र छापून आले. ते चुकीचे आहे. तो ‘इम्पीरियल स्टेट क्राउन’ होता. 1953 साली राणीच्या मस्तकी ठेवला गेला तो ‘सेंट एडवर्डचा मुकुट’.

पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे. 1937 साली सहाव्या जॉर्जसाठी घडवलेला, 2,868 हिऱ्यांचा, समोर ‘दुसरा कलिनन’ नावाचा 317 कॅरटचा हिरा असलेला हा मुकुट संसदेच्या अधिवेशनाच्या उद्घाटनाला दिसतो. त्यातल्या प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सच्या माणका’ला माणिक म्हणण्याची रूढी मला अजिबात मान्य नाही, कारण ते स्पिनेल या वेगळ्याच खनिजाचे रत्न आहे.

खरा घोटाळा दोन्ही मुकुटांच्या प्रयोजनाचा आहे. सेंट एडवर्डचा मुकुट हा विधीचा भाग आहे. कँटरबरीचे आर्चबिशप तो राजाच्या मस्तकी ठेवतात, तोच क्षण राज्याभिषेकाचा कळस असतो. आणि जिथे हा सोहळा होतो त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधून बाहेर पडण्यापूर्वीच तो उतरवून राजा दुसरा मुकुट धारण करतो. म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रजेला जो मुकुट दिसतो, त्याने राजाला राजेपण दिलेले नसते. एलिझाबेथ यांनी पुढील जवळजवळ सात दशकांच्या कारकिर्दीत अभिषेकाचा मुकुट पुन्हा कधीही धारण केला नाही. दोन किलोंहून अधिक वजन हे त्याचे एकमेव कारण समजणे मला अपुरे वाटते. विधीची वस्तू विधीपुरतीच असते, हे मूळ कारण आहे.

मध्ययुगीन मूळ मुकुट पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदानंतर, 1649 साली, संसदेने राजचिन्हांसह मोडून टाकला. राजेशाही परतल्यावर 1661 साली दुसऱ्या चार्ल्ससाठी नवा घडवला गेला आणि जुन्याचे नाव व मान त्याला मिळाले. पुढे त्यात राज्याभिषेकापुरती भाड्याने आणलेली रत्ने बसवत. आजची 444 रत्ने कायमची जडवली गेली ती 1911 साली, पाचव्या जॉर्जच्या वेळी. त्याआधी 1689 नंतर दोनशेहून अधिक वर्षे या मुकुटाने कोणाचाही अभिषेक झालेला नव्हता. 1838 साली व्हिक्टोरियाच्या आणि 1902 साली सातव्या एडवर्डच्या मस्तकी त्या काळचा, म्हणजे 1937 च्या आधीचा, इम्पीरियल स्टेट क्राउनच ठेवण्यात आला; एडवर्ड तर नुकताच आजारातून उठला होता आणि जड मुकुट त्याला पेलवण्यासारखा नव्हता. या अपवादांमुळे गोंधळ वाढला हे खरे, परंतु 1911, 1937, 1953 आणि 2023 या चारही राज्याभिषेकांत सेंट एडवर्डचाच मुकुट वापरला गेला, आणि वर्तमानकाळाबद्दल लिहिणाऱ्याने तोच आधार मानावा.

चित्र पाहून ओळखायचे तर सोन्याचे ठसठशीत काम आणि रंगीत खडे दिसले की तो अभिषेकाचा मुकुट. हिऱ्यांचा पांढरा लखलखाट दिसला की दुसरा.

आणि कोहिनूर या दोहोंपैकी एकातही नाही. 1849 च्या लाहोर तहानंतर इंग्लंडला नेलेला हा हिरा 1937 साली सहाव्या जॉर्जच्या राणीसाठी केलेल्या तिसऱ्याच मुकुटात आहे. 2023 साली राणी कॅमिला यांनी तो मुकुट न घेता राणी मेरीचा मुकुट धारण केला, त्यामुळे त्या सोहळ्यात कोहिनूर कोणाच्याही मस्तकी नव्हता.